दहावा माणूस एक मजला खाली

आदरणीय मामांस शालोम, आणि इथूनच पायांना हात लावतो (पाय मागे घेऊ नका, इतक्या लांबून गुदगुल्या होत नाहीत).

मी इथे ठीक आहे. तुम्ही कसे आहात हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, पण उत्तर चांगलं असेल तरच कळवा. मामींचे गुडघे, मामींची कुरकुर आणि मामींचा शेजारणीशी अबोला, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे.

तुमचं पत्र मिळालं. त्यात ख्यालीखुशाली नाही, हवापाणी नाही, एकदम एकच प्रश्न, तोही पोलिसांनी चौकीत बसवून विचारावा तसा. छातीचं ऑपरेशन ठरलंय, मला मुलगा नाही, काही झालंच तर माझ्यामागे कद्दिश, गेलेल्यासाठी मुलाने म्हणायची ती प्रार्थना, तू म्हणशील का, हो की नाही ते लिही. मामा, असं विचारतात का माणसाला? मी डबा खात होतो. घास तिथेच अडकला, आणि शेजारच्या पोऱ्याने पाठीत असा दणका दिला की माझ्यासाठीच कद्दिश म्हणायची वेळ यायची. तेव्हापासून ते पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि मी काही थाऱ्यावर नाही. उत्तर देतोच आहे. पण त्याआधी चार दिवसांपूर्वी काय झालं ते सांगणं भाग आहे, कारण त्याशिवाय माझं उत्तर तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी पटणार नाही.

आमच्या आरशांच्या कारखान्यात मी काचेला मागून रंग मारतो हे तुम्हाला माहीतच आहे (मामी लोकांना सांगतात तसा मी ‘काचेचा इंजिनियर’ नाही, हे एकदा त्यांच्या कानावर घाला). तिथले म्हातारे मिस्त्री आपल्या ज्यू लोकांतले. त्यांची बायको वारली. मी दफनाला गेलो नाही, पोटात दुखत होतं (खरंच दुखत होतं. माझी भीती पोटातच राहते, तिला दुसरीकडे जागा नाही). वाटलं, सुटलो. तर दुसऱ्याच दिवशी इथल्या प्रार्थनेला माणसं जमवणारे शिंपीकाका कारखान्याच्या दारात हजर. या गावात आपली माणसं इतकी थोडी, की शिंपीकाका त्यांना डब्यातल्या शेवटच्या लवंगांसारखे पुरवून पुरवून वापरतात. मिस्त्री सात दिवस घरात खाली बसलेले, रोज संध्याकाळी त्यांना बायकोसाठी कद्दिश म्हणायचं, आणि ते म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊ जमले होते. काकांनी दहावा म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काका, मला त्या हिब्रू लिपीतलं एक अक्षर येत नाही. ते म्हणाले, “अक्षर कोण मागतंय? धड मागतोय. सहाच्या आत धड घेऊन ये.”

आता मेलेल्याच्या घरी बोलावताना कोणी ‘धड घेऊन ये’ म्हणतं का? माझं निम्मं अवसान तिथेच गळालं. उरलेलं निम्मं त्यांच्या सूचनांनी गेलं. घंटी वाजवायची नाही, दार उघडंच असतं. आत जाऊन खाली बसायचं. ज्याचं माणूस गेलं तो दाढी न करता, फाडलेल्या सदऱ्यात, जमिनीलगत बसलेला असतो, तो स्वतः बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, ‘कसे आहात’ तर मुळीच नाही. उकडलेली अंडी घेऊन जायची, शोकात बसलेल्याला गोल वस्तू खायला देतात. आणि घरातले आरसे झाकलेले असतील, ते उघडून बघायचे नाहीत. मी कशाला उघडतोय? आमच्या रंगाच्या खोलीतल्या एकाने मला सांगून ठेवलंय की गेलेलं माणूस आरशात मागे उभं राहतं. ज्याचा सगळा दिवस आरशांत जातो त्याला हे सांगायचं, म्हणजे आचाऱ्याला चुलीची भीती घालण्यासारखं आहे.

तर मी निघालो. पिशवीत डझनभर अंडी, उकडताना चार फुटली, ती मी वाटेत खाल्ली (भीतीने भूक लागते, तुमच्यावरच गेलोय). मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर. आता तिसरा म्हणजे तळमजला धरून की सोडून, हे शिंपीकाकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी धरला.

दार उघडं. आत अंधुक. मोठा आरसा चादरीने झाकलेला. एक माणूस भिंतीपाशी उपड्या बादलीवर बसलेला, दाढी वाढलेली, पायात फाटक्या सपाता, सदरा छातीपाशी फाटलेला. मामा, यात काय कमी आहे सांगा! शोकात बसलेला माणूस जसा सांगितला होता, तसा हुबेहूब. मिस्त्री नव्हते, पण म्हटलं हा मेव्हणा असेल, मिस्त्री आत असतील. रंगाचा वास येत होता खरा, पण माझ्या नाकाला रंगाचा वास येत नाही असं ठिकाणच उरलेलं नाही. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तोंड मिटलं.

तोही बोलेना. मी मान खाली घातली, त्याने माझ्याकडे टक लावली. मग मी हळूच एक अंडं सोलून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. बिचारा, म्हटलं, बहिणीवर फार जीव असणार. त्याने ते अंडं माझ्यावरची नजर न हलवता खाल्लं, मी दुसरं सोललं, तेही खाल्लं. तिसरं हातात धरून तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “कोण गेलं?”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं हे ऐकून होतो, समोर पाहिलं नव्हतं. मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, “तुम्हालाच माहीत.” झालं! तो ताडकन उठला, बादली गडगडली, भिंतीला टेकवलेला ब्रश माझ्या डोक्यावर आला, आणि त्याने खिशातून फोन काढला. मामा, तो रंगारी होता. घर रंगवायला घेतलं होतं म्हणून आरसा झाकलेला, वास जावा म्हणून दार उघडं, आणि चांगला सदरा घालून कोण रंग मारतो? पण त्याचा बाप गावी अंथरुणाला खिळलेला. अनोळखी माणूस न बोलता येऊन समोर बसतो, मान खाली घालतो, अंडी भरवतो. त्याला वाटलं, घरच्यांनी फोनवर सांगवेना म्हणून माणूस पाठवलाय. आणि विचारायचा धीर होईना म्हणून तो नुसता अंडी खात राहिला.

फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. तेव्हाचं त्याचं तोंड मी पाहिलं. आरसा झाकलेलाच होता, पण मला माझंच तोंड दिसलं. तुमचं पत्र आल्यापासून फोन वाजला की मी तसाच दिसत असणार. शेवटी कोणीतरी उचललं, आणि पलीकडून म्हाताऱ्याने स्वतःच अशी खणखणीत शिवी हासडली (झोपमोड झाली होती), की ती मला भिंतीपर्यंत ऐकू आली. रंगारी बादलीवर बसून हमसून हमसून रडला. मग उठला, माझी कॉलर धरली आणि मला वरच्या मजल्यावर नेऊन सोडलं.

वर मिस्त्री धरून नऊ माणसं दाराकडे डोळे लावून होती. शिंपीकाकांनी मोजायला घेतलं, माणसं मोजू नयेत म्हणून ते ‘एक नाही, दोन नाही’ असं मोजतात, आणि ‘अकरा नाही’ला येऊन थांबले. अकरावा रंगारी. कॉलर सोडायचं विसरला होता. त्याला दारातच उभं केलं, कोणी काही विचारलं नाही.

खाली बसलेले मिस्त्री उठले. रोज मला ‘हाताला लकवा झालाय का’ म्हणून ओरडणारा हा माणूस, त्या दिवशी निम्मा झाला होता. कद्दिश सुरू केलं आणि दुसऱ्याच शब्दाला चष्म्यावर पाणी. पुस्तक दिसेना. मी शेजारी होतो. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे केलं आणि पुटपुटले, “ओळीखाली बोट फिरव रे.”

मामा, पळायचं म्हणजे दारात रंगारी. नाही म्हणायचं तर सगळे बघताहेत. मी देवाचं नाव घेतलं आणि ठामपणे बोट ठेवलं, आपण वाचतो तसं, डावीकडे. आणि उजवीकडे नेऊ लागलो. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे मला तेव्हा कळलं, जेव्हा मिस्त्रींचा आवाज एकीकडून आणि माझं बोट दुसरीकडून ओळीच्या मधोमध समोरासमोर आले. मिस्त्री थांबले. खोली थांबली. मला वाटलं, आता कारखान्यातून काढणार, आणि देवाकडूनही काही कारवाई होणार. मिस्त्री बोटाकडे बघत राहिले. मग त्यांच्या नाकातून एक आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा कळेना, आणि त्यांनी पुढचं सगळं, बोटाकडे बघतच, न अडखळता म्हटलं. आम्ही जागोजागी आमेन म्हटलं. मला तेवढंच येतं, ते मी जोरात म्हटलं.

नंतर म्हणाले, “तिलाही वाचता यायचं नाही. जन्मभर माझ्या शेजारी बसून अशीच उलटं बोट फिरवायची. मी रागवायचो.” आणि पुस्तक मिटून, “उद्याही ये. बोट तसंच फिरव.” मी रोज जातोय. रंगारीही येतो, अंडी खायला.

तर आता तुमचं उत्तर. मामा, शिंपीकाकांनी मला कद्दिश तोंडी शिकवायला घेतलं होतं, मीच पळ काढला. का ते सांगतो, हसू नका. मला वाटतं, मला ते पाठ झालं की तुमचं इथलं काम संपलं. डॉक्टरांच्या टेबलावर झोपल्या झोपल्या तुम्ही म्हणाल, चला, पोराला येतंय, आता हरकत नाही. तुम्हाला मी ओळखतो, जेवण झाल्यावर तुम्ही पानावर एक मिनिट बसत नाही. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. मला येत नाही, येणार नाही, तेव्हा तुम्हाला जाता येणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी हे डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

मामींना नमस्कार. चुकलं असेल तर कान तिथेच ठेवलाय असं समजून पिळा.

तुमचा भाचा

ता. क. पत्र मोठ्याने वाचू नका. मामींना ऑपरेशन लहानसंच आहे असं मी फोनवर सांगितलंय.

ता. क. दुसरं. काल मिस्त्री म्हणाले, ती गेली तेव्हा मला एक भरवसा होता, की मला म्हणता येतं. रात्रभर तेच डोक्यात आहे, मला तर तोही नसेल. तेव्हा ते कद्दिश आपल्या मराठी अक्षरांत लिहून पाठवा. मोठं आणि सुटं लिहा, डावीकडून उजवीकडे, म्हणजे बोट सरळ जाईल. ऑपरेशनच्या आधी लिहा.

ता. क. तिसरं. सगळं लिहा, पण शेवटची ओळ लिहू नका. ती घ्यायला मी सुट्टी काढून येतोय. तुम्ही घरी परत आलात की खाटेवर बसून तोंडाने सांगा, आणि मला जरा उशिरा पाठ होईल, मी मंद आहे हे तुम्ही सगळ्यांना सांगतच असता.