झाडलेलं अंगण

प्रिय अल्सीड,

फोनवर मळ्याचा विषय निघाला की तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस, म्हणून हे लिहायला बसले. आमची खुशाली म्हणशील तर माझे गुडघे कुरकुरतात, इथे लुइझियानात अजून उकडतंय, आणि माझ्या लेकाने, थिओने, पुन्हा नोकरी बदलली. मी मात्र तिथेच आहे, मळ्याच्या मालकांच्या, आता संग्रहालय झालेल्या मोठ्या घरात पाहुण्यांना फिरवत. 'मालकिणीची छत्री तूच धरतेस का गं?' असं तू दर खेपेला टोचतोस. नाही रे बाबा, छत्री नाही, नुसतं तोंड चालवते. रोज तोच जिना, तेच झुंबर, आणि तिकीट काढून आलेल्या कुणाचा तरी तोच प्रश्न, 'पण इथले मालक त्यातल्या त्यात बरे होते ना?' पूर्वी राग यायचा. आता फक्त खुर्ची कुठे आहे ते बघते.

मोठं घर दाखवून झालं की त्यांना मागे मजुरांच्या वस्तीवर नेते. आपलं घर आता 'गुलामांची खोली' झालंय, दारावर तशी पाटीच आहे. आपण तिथे जन्मलो, तू तिथून गेलास, त्यानंतरही मळा विकला जाईपर्यंत आई तिथे भात शिजवत होती, हे त्या पाटीवर नाही. आईने भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रं नव्या मालकांनी घर गुलामीच्या काळातलं दिसावं म्हणून खरवडून काढली, विजेची तार काढली. तेही मी गिळलं. यंदा मिस लॉरेल म्हणून नव्या व्यवस्थापक आल्या. मनाने वाईट नाहीत. पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागते म्हणून त्यांनी वस्तीतल्या सगळ्या अंगणांत हिरवळ लावली.

आपल्या अंगणात गवत, अल्सीड! पहाटे आईचा खराटा सुरू झाला की आपली झोप मोडायची, आठवतं ना? एक काडी उगवू द्यायची नाही. साप लांबून दिसावा म्हणून, आणि रात्री कोण येऊन गेलं ते मातीवर कळावं म्हणून. ज्या घरापुढे गवत, त्या घरातली बाई मेली तरी असणार नाहीतर आळशी तरी, असं ती सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायची.

गेल्या महिन्यात एका सोमवारी आईजवळ बसणारी बाई आलीच नाही. राजमा शिजवून झाकून ठेवला आणि आईला घेऊन कामावर गेले, वस्तीजवळच्या बाकावर बसवलं. तिला आता फारसं काही उमगत नाही, मलाही ती 'मिस' म्हणते. वाटलं, बसेल गप्प. पाहुण्यांना घेऊन परत येते तर आई आपल्या दारापुढे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गवत उपटत होती. 'काय ही दशा! लोक तोंडावर थुंकतील! कोण मेलं म्हणून अंगण असं सोडलंय?' एक गृहस्थ म्हणाले, 'वा, गुलाम बाईचं काय हुबेहूब काम करतात या!' आणि बायकोला फोटो काढायला सांगितलं. माझं पाठ केलेलं भाषण मी तिथेच सोडलं. 'काम नाही हे,' मी म्हटलं, 'ही माझी आई आहे आणि हे तिचं घर आहे. फोटो नको.' बाकीचे पुढच्या घराकडे सरकले. एक म्हातारी बाई तेवढी पर्स खाली ठेवून आईशेजारी बसली आणि गवत उपटायला लागली.

आई घरी यायला तयार होईना. 'गवतावर पावलं कशी उमटतील? तो येऊन गेला तर मला कळणार कसं?' हे एकच धरून बसली. तुला कधी सांगितलं नाही, तिने सांगू दिलं नव्हतं. मुकादमाशी भांडून तू अंधारातच निघून गेलास, त्या सकाळी तिने अंगण झाडलं ते तुझी पावलं सोडून. पाऊस येईपर्यंत रोज त्यांच्या कडेकडेने खराटा फिरवायची. शेजारणी हसायच्या, 'काय गं ओझिन, अर्धंच अंगण झाडतेस की काय आता?' ती म्हणायची, 'तेवढं राहू दे.' मला तेव्हा तुझा फार राग आला होता.

मिस लॉरेलनी आपल्या दारापुढचं गवत काढून दिलं. वर विचारलं, 'दर शनिवारी येतील का त्या झाडायला? लोकांना फार आवडेल.' मी नुसतं नाही म्हटलं. भांडायचं त्राण नव्हतं. आता कामाआधी मीच झाडते आणि आईला चाकांच्या खुर्चीतून नेऊन दाखवते. ती माती निरखते आणि म्हणते, 'नाही आला.'

डॉक्टर म्हणतात, ही थंडी ती काढणार नाही. म्हणून मी एक लबाडी करून पाहिली. थिओला अंगणातून चालायला लावलं आणि आईला म्हटलं, 'बघ, आला तुझा अल्सीड.' ती खुर्चीतून वाकून वाकून बघत राहिली. 'हा सरळ चालतो गं,' म्हणाली, 'माझ्या पोराचा डावा पाय आत वळतो.' लहानपणी तुझ्या पायावरून उसाची गाडी गेली होती ते मी विसरले होते, ती नाही. त्या मोठ्या घराच्या सावलीत पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला होतास. नको ठेवूस. मागच्या कालव्याच्या वाटेने ये, तिकडून ते घर दिसतही नाही. तिला आता चेहरे ओळखू येत नाहीत, तू समोर उभा राहिलास तर तुला 'मिस्टर' म्हणेल, वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त एकदा आपल्या अंगणातून चालून जा. मी रोज झाडून ठेवते.

तुझीच, दमलेली,
ओडेल