मी पाडल्याशिवाय

१९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि पायमोजे दोन्ही पोचले. पायमोजे आईने घेतले. तिची तब्येत चांगली आहे, कुरकुर नेहमीइतकीच. माझंही बरं चाललं आहे. स्वयंपाकघरातला नळ आता गळत नाही.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'या वेळी नक्की होईल तुझं.' परीक्षेबद्दल मी तुला कळवलं नव्हतं. मी आईला विचारलं.

"मीच सांगितलं फोनवर," ती म्हणाली. "बहीण आहे ना तुझी? का परक्या कुणाला सांगितलं?"

"आणखी काय सांगितलंस?"

"सगळंच सांगते. तुझ्यासारखी तोंड शिवून नाही बसत मी."

म्हणजे तुला ठाऊक आहेच. पुढच्या महिन्यात ज्युडोच्या काळ्या पट्ट्याची परीक्षा आहे आणि सरांनी माझं नाव दिलं आहे. मी मागितलं नव्हतं. आई म्हणते, काळा बरा, मळ दिसत नाही.

सर हल्ली मला चुका सांगत नाहीत. बाकीच्यांवर ओरडतात, माझ्याजवळ आले की मान डोलावून पुढे जातात. कपडे बदलायच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. निदान मला तसं वाटतं. काल दोघी हसत होत्या. मला बघून एक म्हणाली, "ये ये, तुझाच विषय." विषय काय होता ते सांगितलं नाही.

लॅबमध्येही लक्ष लागत नाही. गेल्या आठवड्यात एका बाईंची कवळी परत आली. वरचा एक दात इतरांच्या आधी टेकत होता. डॉक्टरांचा निरोप होता, "बाई म्हणतात, नवे दात माझ्याशी भांडतात." असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. खोटे दात खरे दिसावेत हे माझं काम. त्यामुळे खऱ्यासारखं दिसणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास मुळात कमी.

कुलूपदादांना तू ओळखत नाहीस, तू गेल्यावर ते आले. कुलपं दुरुस्त करतात आणि बोलतात कुलपाइतकंच, म्हणून हे नाव. सरावाला ते माझे जोडीदार. मी त्यांना टाकते, ते पडतात. फार छान पडतात. गादीवर हाताचा असा आवाज निघतो की लोक वळून बघतात. इतकं छान कुणी पडतं का? माझ्या मनाने घेतलं की हा माणूस आपणहून पडतो.

गुरुवारी मी खात्री करून घेतली. कमरेवरून टाकायचा नेहमीचा डाव. त्यांना ओढलं, वळले, कंबर आत घातली आणि उचलायच्या क्षणी हात सैल सोडले. मुद्दाम. ते पडले. आवाज तसाच. सर लांबून म्हणाले, "छान!"

ताई, मी काहीच केलं नव्हतं.

ते बाहेर चपला घालत होते, तिथे गाठलं.

"दादा, तुम्ही का पडलात?"

"तू पाडलंस म्हणून."

"मी हात सोडले होते."

"उशिरा सोडलेस. माझा तोल तोवर गेला होता."

"खरं सांगा."

"अगं, या वयात फुकट पडायची हौस आहे का मला? गुडघे बघ माझे."

हे ते खाली बघून म्हणाले. चपलेचं बक्कल लावताना माणूस खालीच बघतो, हे मला कळतं.

मग मी सरांकडे गेले. माझं नाव का दिलंत, विचारलं. "तयार आहेस म्हणून," ते म्हणाले. "जोडीदार कोण ते महिनाअखेरीला सांग. आपल्याकडे परीक्षा देणाराच निवडतो, माहीत आहे ना?"

"बाहेरचं कुणी चालेल?"

"तपकिरी पट्टा हवा. पडता यायला हवं." मग हळूच, "येईल ती?"

मी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं.

आता खांद्याचं. मला तू त्याबद्दल कधी विचारत नाहीस. आईला मात्र प्रत्येक फोनमध्ये विचारतेस, हे तिनेच सांगितलं. यापुढे माझ्याकडून ऐकत जा. हाड नीट जुळलं आहे. गार हवेत थोडं दुखतं, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी तू मला टाकलंस ते स्वच्छ होतं. तू माझी कॉलर सोडली नाहीस, मी तुझी बाही सोडली नाही, म्हणून तू माझ्यावर आलीस. एवढंच झालं. त्यावर तू तुझा तपकिरी पट्टा आईच्या कपाटात ठेवून गाव सोडलंस आणि मला पायमोजे पाठवत राहिलीस.

तेव्हापासून सगळे मला काचेच्या भांड्यासारखं धरतात. कुणी मला खरोखर टाकलेलं नाही. मग मी कुणाला खरोखर टाकते का, हे मला कसं कळणार? पट्टा मिळाला तर वाटेल, दिला. परीक्षेचा विचार आला की लॅबमध्ये दातांचं मेण हातात धरवत नाही. कधी वाटतं, कुलूपदादा लबाडी करत असतील तरच बरं. मी हरले तर त्यांच्यावर ढकलता येईल.

तू पत्त्यांतसुद्धा मला कधी जिंकू दिलं नाहीस. ताप होता तेव्हाही नाही. आई ओरडली तरी पानं खाली ठेवून म्हणालीस, "हरली ती."

परीक्षा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी. आज दुपारी बाल्कनीत गेले तर तुझा पांढरा पोशाख दोरीवर वाळत होता. मी आईला काही बोलले नव्हते. विचारलं तर म्हणाली, "कपाटात वास येत होता." तुम्ही सगळ्यांनी मिळून काही ठरवलं असेल तर असू दे. मी खोदून विचारणार नाही.

हो की नाही ते मला कळव, आईला नको. माझी जोडीदार होशील का? सरांसाठी येऊ नकोस, खांद्यासाठी तर नकोच. आलीस तर गादीवर घट्ट उभी राहा, आणि पडू नकोस,

मी पाडल्याशिवाय.

तुझी
छोटी