बेडोकमधलं चार तासांचं जेवण

पुंगोल, सिंगापूर,
बुधवार

प्रिय चैत्राली,

त्या रविवारी तुझ्याकडे जेवले, त्याला आज दहा दिवस झाले. फोन केला असता तर 'छान झालं होतं हं सगळं' म्हणून मोकळी झाले असते आणि म्हणायचं ते राहूनच गेलं असतं.

घटस्फोटाला सहा वर्षं झाल्यावर सून सासूला जेवायला बोलावते, हे इथे घरी अमेयला सांगताना माझी जीभ अडखळली होती. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "जायचं तर जा." मग आपली इराच आजीचा हात धरून एमआरटी मेट्रोने मला बेडोकला तुझ्या घरी घेऊन आली.

आल्या आल्या मी सवयीने ओट्याकडे वळले, तर तू खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलंस. बाटली उघडताना मोठा बार होणार म्हणून मी कानांवर हात ठेवले. तू फडक्यात धरून बूच हळूच फिरवलंस आणि नुसता फुस्स आवाज आला. "आई, ही शॅम्पेन नाही, जर्मन झेक्ट आहे, तशीच फेसाळती वाइन. नाही आवडली तर तशीच ठेवा." अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा वाइन प्यायले. पहिला घोट नाकात गेला. दुसऱ्याला हिरव्या सफरचंदासारखी आंबटसर चव लागली. मग तुझी गरम कोथिंबीर वडी, त्यावर एक घोट, की तोंड पुन्हा स्वच्छ. वड्या संपल्या तरी तू उठली नाहीस. वाफवलेलं पापलेट अर्ध्या तासाने आलं, वरण-भात तर अडीच वाजता. मधल्या वेळात आपण बोलत होतो. माझे गुडघे, तुझी बाजारातली मासेवाली, इराचं बिघडत चाललेलं मराठी. तुम्ही सिंगापूरला येण्याआधी पाच वर्षं आपण पुण्यात एका घरात राहिलो, पण दोघी समोरासमोर बसून गरम असं कधी जेवलोच नाही. तू शेवटची पोळी तव्यावरून काढायचीस तोवर बाकीच्यांची ताटं मोरीत गेलेली असायची. मीही जन्मभर तशीच जेवत आले, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाटली कुठली, असं मी विचारलं तेव्हा तू "ऑफिसातून मिळाली" एवढंच म्हणालीस. बाकीचं इराने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगून टाकलं, "मम्मा गॉट प्रमोशन, जर्मनी. बट आय कॅनॉट गो लाह, बाबा डोन्ट वॉन्ट टु साइन." तू तिला दही आणायला पिटाळलंस आणि माझ्या ताटात भात वाढलास. अमेयला समजवा म्हणायला तीच वेळ होती. तू एक अक्षर बोलली नाहीस. तू मला जेवायला बोलावलं होतंस, कामाला नाही. एवढा मान मला माझ्या माहेरीसुद्धा कुणी दिलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सहा वर्षांपूर्वी तुम्ही सिंगापूरहून आला होतात आणि पुण्याच्या घरी दोन्हीकडची माणसं बसली होती. नोकरीपायी तू घराकडे बघत नाहीस, असं अमेय म्हणाला आणि तू माझ्याकडे वळून विचारलंस, "आई, तुम्हीच सांगा, मी घराकडे कधी दुर्लक्ष केलं?" सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या पदराकडे. उत्तर मला ठाऊक होतं. पोटच्या मुलाविरुद्ध तोंड उघडलं नाही. गेल्या गुरुवारी ते अमेयला सांगितलं. तू पाचला उठायचीस, त्याचा डबा, माझा चहा, माझी औषधं सगळं करून आठची बस धरायचीस, हे सांगितलं. आणि हे ठाऊक असून मी गप्प बसले, हेही. "आता कशाला उकरून काढतेस?" म्हणाला आणि मोबाइल उचलून खोलीत गेला. काल ऑफिसातून आला आणि इराला जर्मनीला न्यायच्या संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत इरा माझ्याकडे राहील, एवढं सांग तिला." सही केलेला कागद सोबत आहे. पण तो काय, इराबरोबर नुसताही पाठवता आला असता. तू मला जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर तुझ्याजवळ माझ्या हस्ताक्षरात असावं, म्हणून हे पत्र. कधीच केलं नाहीस, चैत्राली. एक दिवससुद्धा नाही.

तुझीच,
आई