पातेल्यातलं बोट

मोठ्या आत्याला धाकटीचा नमस्कार (लांबूनच, तू समोर आलीस की मी दाराआड जाते हे तुला माहीतच आहे). गुडघा कसा आहे? औषध घेतेस ना?

वहिनीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत, पण नाळ गळून पडेपर्यंत आमच्या जिवात जीव नाही. मागच्या बाळाची नाळ चिघळली, ताप चढला आणि ते गेलं. घरात तो विषय कोणी काढत नाही.

या वेळी वहिनीला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं, तर तिथली मोटर जळालेली, नळ कोरडा. पिंपातल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, असल्या पाण्याने मी हात धुणार नाही, घरून उकळून गार केलेलं आणा, झाकून. वहिनी कण्हत होती. मी पळत घरी आले, पाणी उकळलं, झाकून गार करायला ठेवलं आणि धुतलेले कपडे काढायला दोरीपाशी गेले. परत येते तर बाबा झाकण काढून पाण्यात बोट बुडवून उभे. गार झालं का ते बघत होते. मघाशी त्याच बोटाने सायकलची चेन बसवलेली. मी काय बोलणार? ओतून दिलं, परत उकळलं. या वेळी बोट दादाचं (बाबांनीच पाठवलेलं, बघ रे गार झालं का). आपल्या घराण्यात सगळं बोट घालूनच बघतात, तूसुद्धा.

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, लवकर आणा, वेळ नाही. मी पुन्हा उकळलं, पातेलं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवलं आणि झाकणावर इस्त्री ठेवली. बाबांनी ती अलगद उचलून बाजूला ठेवली.

"बाबा, हात मागे."

कोण बोललं म्हणून मीसुद्धा वळून बघितलं. बाबा मुकाट्याने हात काखेत धरून कोपऱ्यात बसले. पाणी वेळेवर पोचलं. नर्सबाईंनी कोपरापर्यंत साबण लावून इतका वेळ हात चोळले की मला वाटलं, आता पोरगी शाळेत जायच्या वयाचीच बाहेर येणार. नवीन ब्लेडने नाळ कापली. पोरगी रडली, मग आम्ही सगळेच.

आता घरी मी वहिनी-बाळाच्या खोलीच्या दारात साबण आणि तांब्या घेऊन बसते. बोलत नाही, नुसता साबण पुढे करते. बाबांना आज परत पाठवलं.

तुझी,
धाकटी

ता. क. तू येतेयस असं कळलं. ये, वहिनीला बरं वाटेल. फक्त नाळेला लावायची ती तुझी तेलाची डबी घरीच ठेव. नर्सबाई म्हणाल्या, नाळ कोरडी ठेवायची, काही म्हणजे काही लावायचं नाही. मागच्या वेळी कशाने काय झालं ते कोणालाच माहीत नाही आणि मी काही म्हणत नाही.

आणखी एक. हे तुला कळवायला बाबा दादाला म्हणाले, दादा बाबांना म्हणाला. वहिनीने नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हणून मी लिहिलं. डबी आणलीसच तर माझ्याकडे द्यावी लागेल. या वेळी मी दाराआड नसेन, दारात असेन.