डाळिंबाचा इकामा

माझी लाडकी हमीदा, सलाम.

परवा आम्ही रत्नागिरीला निघतोय, मी आणि तुझी सना. तुला सांगून निघायचं तर यायचं कुठे? इथे बायका कबरस्तानात जात नाहीत. तुझा नवरा म्हणून इक्बाल जाऊन येतो. म्हणतो, "अम्मा, नाव नाही, दगड नाही, सगळी माती एकसारखी." म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या आईचं लिहिणं, चुका काढू नकोस. लहानपणी काढायचीस.

तू गेलीस तेव्हा कुवेतचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. आता लढाई इथे सौदीतही येणार म्हणून अख्ख्या अल-खोबरात खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्यात. समोरचं पुण्याचं बिऱ्हाड गेलं. जाताना त्या वहिनींनी कढीपत्त्याची कुंडी माझ्याकडे ठेवली, आता मी ती कुणाकडे ठेवू? असो. सांगायचंय डाळिंबाचं.

सनाच्या शाळेत टीचरने एक गोष्ट सांगितली, ग्रीस देशातली, फार पुराण्या काळची. त्यातल्या मुलीचं नाव पर्सिफनी. माझ्या जिभेवर ते बसेना, तर सना म्हणाली, "नानी, पहले पर्स बोलो, फिर फनी बोलो." हसून हसून माझे डोळे भरले. पोर अगदी तुझ्यासारखी हात नाचवून सांगते गं. बघत राहावंसं वाटतं.

तर त्या पोरीला जमिनीखालचा, मेलेल्यांच्या मुलखाचा राजा पळवून नेतो. तिची आई म्हणजे पिकांची देवी. आपण असलं मानत नाही, पण आई ती आईच. लेक शोधत रानोमाळ फिरते, आणि शेतात एक कोंब उगवू देत नाही. शेवटी राजाला पोर सोडावी लागते. पण त्याने आधीच तिला डाळिंबाचे दाणे चारलेले. तिथलं खाल्लं म्हणजे ती तिथली झाली. म्हणून वर्षातले काही महिने खाली, बाकीचे आईकडे. ती वर आली की शेतं हिरवी.

"म्हणजे दाणे खाल्ले नि तिला तिथे राहायचा परवाना मिळाला, इकामा लागला," मी म्हटलं.

इक्बाल जेवत होता, त्याला ठसकाच लागला. "अम्मा, मग तो राजा म्हणजे मी झालो की!"

"झालासच. चांगली कोकणातली पोर उचलून वाळवंटात आणलीस."

तू गेल्यापासून पहिल्यांदा हसला तो. मग हात धुवायला उठला, तो बराच वेळ आलाच नाही.

खरंच, तुझंही तसंच नव्हतं का? लग्न झाल्यावर सुट्टीपुरती यायचीस आणि येतानाच परतीची तारीख सांगायचीस. टीचर म्हणाली, त्या लोकांत डाळिंब म्हणजे लग्न, लेकरंबाळं आणि मरणसुद्धा. मला आपलं इतकंच ठाऊक, की प्रत्येक डाळिंबात एक दाणा जन्नतचा असतो. कुठला ते कळत नाही, म्हणून एकही सांडू द्यायचा नाही. तू सांडायचीस, मी वेचायला लावायचे.

तेवढ्यात सनाने विचारलं, "नानी, मम्मी ने भी खाया था ना? हॉस्पिटल में?"

खाल्लं होतंस. दुसरं काही घशाखाली उतरत नव्हतं, डाळिंब तेवढं मागून घेतलंस. मीच एकेक दाणा भरवला. पोरीला काय सांगू? त्या आईला निदान थोडे महिने तरी लेक मिळाली. माझ्यासाठी तू एवढंही ठरवून घेतलं नाहीस, हमीदा?

बॅगा भरायला काढल्या त्या दिवशी सना कुठे दिसेना. बघते तर स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. तोंड लाल, फ्रॉक लाल. इक्बालने आणलेलं ताईफचं डाळिंब फोडून संपवत होती. म्हणाली, "आय एट इट हिअर, नानी. अब मुझे वापस आना पड़ेगा. मम्मी यहाँ है ना."

फ्रॉक नवा होता, ओरडणारच होते. पण ती सांडलेले दाणे वेचून वेचून खात होती. माझंच शिकवणं.

मी इक्बालला विचारलं, "पोरीच्या पासपोर्टावर कसला शिक्का मारून आणतोयस?"

तो खाली बघत म्हणाला, "फायनल एक्झिट, अम्मा. आई नाही, त्यात लढाई. मी दिवसभर साइटवर. परत कशाला आणू तिला?"

"हे तिलाच सांग. जा, फ्रॉक बघ तिचा."

तो गेला. दारातच उभा राहिला. मग खाली बसून तिच्याबरोबर दाणे वेचू लागला.

आज पासपोर्ट आला. शिक्का परत येण्याचा आहे. सनाने तो मला बोट ठेवून दाखवला, "देखा, नानी? डाळिंब ने काम किया!" तिचा आनंद बघून मीही हसले. मग आठवलं, तुझा शिक्का कुठला ते.

लढाई सरू दे. मला व्हिसा मिळो न मिळो, डाळिंबांच्या दिवसांत तुझी लेक तुझ्या मातीकडे येईल, हा माझा शब्द. आणि तिकडे तिला डाळिंब सोलून देईन तेव्हा एकही दाणा खाली पडू देणार नाही. कुठला तुझ्याकडचा असेल, मला काय माहीत?

तुझी,
अम्मा