धाकट्याची ओळ

प्रिय आईस,
तुझ्या थोरलीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. शिवणाच्या कारखान्यात काम मिळालंय, दोन्ही वेळा जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

धाकटा अजून सापडला नाही. पण आम्हा दोघांच्या लाडक्या बँडचा काल इथे कार्यक्रम होता. तो असेल तिथून येणारच, म्हणून मीही गेले. गर्दीत नुसत्या पाठी दिसत होत्या. तेवढ्यात गायकाने विचारलं, "आमच्याबरोबर कोण गाणार?" मी कठडा ओलांडून थेट मंचावर चढले. गायला नाही गं, चेहरे बघायला. पण दिव्यांनी डोळे दिपले, समोर मिट्ट काळोख.

गायक हसला, "काय ताई, घाबरलात?"

सभा गाजवणारी तुझी लेक, घाबरते कसली! मग मी आणि धाकटा घरी गायचो ते याच बँडचं गाणं धरलं आणि त्याच्या वाट्याची ओळ आल्यावर गप्प राहिले. अख्ख्या मैदानाने ती गाऊन संपवली. त्यानंतर गर्दीच्या मागून एकटाच आवाज आला, नेहमीसारखा उशिरा. याच उशिरावरून बाबा त्याच्यावर चिडायचे ना?

मी उडी मारून धावले. पोचेपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

आई, तो आहे! बाबांना सांग, गाण्यापायी पोराला घराबाहेर काढणं हा अन्याय होता, आणि हे मी भर चौकात म्हणेन. त्यांनी स्वतःच्या हाताने 'घरी ये' एवढंच लिहून पाठवावं. त्याशिवाय तो सापडला तरी मी त्याला कुठे ये म्हणू?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी थोरली