कँटीनमागची चुन्याची रेघ

पायसांदू,
जूनमधला एक गारठलेला रविवार

मोठ्या आवाजाच्या माझ्या बाबांना त्यांच्या फाबियानाचा अगदी हळू आवाजात नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? एर्मेलिंदाआत्या सांगत होती की हल्ली तो रेडिओच्या आधी पाऊस कळवतो, आणि तरीही तुम्ही पहाटे घोडीला चारा घालायला चपला न घालताच जाता. (हे तुम्हाला सांगणार नाही असं मी आत्याला वचन दिलं आहे. तेव्हा मला काही ठाऊक नाही असंच धरा, पण चपला घाला.) घोडी बरी आहे ना? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा जावई वाल्टेर नेहमीसारखा कमी बोलतो आणि जास्त जेवतो. तुम्ही पाठवलेला मुरंबा पोचला. बरणीचं झाकण बसमध्येच सैल झालं असावं, कारण तुमच्या पत्राचा खालचा अर्धा भाग चिकटला होता. मी तो वाफेवर धरून सोडवला आणि वाचलं, की आपली मालेना फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचणारच असं धरून तुम्ही येत्या शनिवारी ताक्वारेंबोहून येताय, आणि येताना लिलावाची पितळी घंटा आणताय. ते वाचून वाल्टेर खूप हसला. मला मात्र हसू आलं नाही. का, ते थोडं लांबून सांगावं लागेल, तेव्हा गुडघ्यावर शाल घेऊन बसा.

बाबा, तुम्ही जन्मभर गुरांच्या बाजारात भोंग्याशिवाय लिलाव पुकारलेत. तुम्ही आकडा पुकारलात की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या माना वर करायच्या, हे आपल्याकडे सगळे अभिमानानं सांगतात. तो आवाज मला मिळाला. शाळेत मला घंटेच्या जागी वापरायचे, ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला तळघरात पाठवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण हा आवाज माझ्यापाशीच थांबला असं मला वाटत होतं. मालेना लहानपणापासून हळू बोलते. दुकानात पाव मागितला तरी दुकानदार काउंटरवरून वाकून कान पुढे करतो. म्हणून ती गोलकीपर झाली तेव्हा मला काळजी वाटली. गोलकीपरला मागून सगळ्यांना ओरडून सांगावं लागतं, कोण मोकळा आहे, कोणाला धर, बॉल माझा आहे, बाजूला हो. हे तिला कसं जमणार? मग मी ठरवलं की तिला जमेपर्यंत मी मदत करावी. (बाबा, ‘मदत’ हा शब्द मी अगदी मनापासून लिहिते आहे. त्या वेळी मला ती मदतच वाटत होती.)

तेव्हा दर शनिवारी मी गोलच्या मागे जाळीला चिकटून उभी राहायची. भोपळ्याच्या पेल्यातला कडू चहा हातात तसाच गार व्हायचा. माझ्या शेजारी औषधवाले पोर्तेला असायचे, ते आपल्या मुलाला पास कसा द्यावा हे बॉल येण्याआधी, येताना आणि गेल्यानंतर असं तिन्ही वेळा समजावायचे. पलीकडे एक आजी होत्या, त्या फक्त पंचांच्या आईबद्दल बोलायच्या. त्यांच्यापुढे मी स्वतःला फार सभ्य समजत होते, कारण मी कोणाला शिव्या देत नव्हते. मी फक्त खेळ चालवत होते. मागे खेळणारा सांतिनो नावाचा मुलगा आहे, कान मोठे, फार गुणी पोर. तो तर माझं सगळं ऐकायचा. मी ‘उजवीकडे’ म्हटलं की उजवीकडे. मला वाटायचं, बघा, संघ कसा बांधला जातोय.

मग एप्रिलमध्ये पुलापलीकडच्या क्लबबरोबरचा सामना झाला. बरोबरीत होतो, शेवटची मिनिटं होती. एक बॉल घरंगळत आपल्या गोलकडे आला. जोर असा काहीच नव्हता, एखादी कोंबडी रस्ता ओलांडते तसा येत होता. सांतिनो त्याच्याजवळच होता, नुसता पाय लावला असता तरी पुरे. पण मागून मला तो बॉल बाहेर जाताना दिसला, आणि आपल्या घराण्याच्या आवाजात मी पुकारलं, सोड. सांतिनोनं सोडला. बॉल खांबाला लागला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि आत गेला. सांतिनो वळून मालेनाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, “तूच म्हणालीस ना सोड?” आणि माझी लेक, जिचा आवाज दुकानदाराला ऐकू येत नाही, ती इतकं स्पष्ट बोलली की पोर्तेलासुद्धा गप्प झाले.

“मी नव्हते. ती माझी आई आहे.”

घरी येताना ती गाडीत पुढे माझ्या शेजारी बसली होती. वाल्टेर चालवत होता, आम्ही तिघं पुढच्या एका बाकावर, तुम्हाला आमची जुनी व्हॅन ठाऊक आहे. तिनं हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले आणि माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, “तूच घाल. नाहीतरी तूच खेळतेस.” ती रागावली नव्हती, बाबा. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या मंगळवारी ती सरावाला गेली नाही. गुरुवारीही नाही. मी मोजे धुतले, वाळवले, तिच्या उशाशी ठेवले. ते सकाळी स्वयंपाकघरात माझ्या एप्रनशेजारी टांगलेले सापडले. शेवटी तिचे प्रशिक्षक मिल्टन स्वतः घरी आले. (मिल्टन म्हणजे ते नदीवर रेतीची बोट चालवतात ते. मागच्या नाताळात तुम्ही त्यांना घोडी विकायचा प्रयत्न केला होता.) मला वाटलं, ते मालेनाची समजूत घालायला आलेत. मी चहाचा थर्मास भरला, मालेनाला हाक मारली. तर ते म्हणाले, पोरीला राहू द्या बाई, मी तुमच्याशी बोलायला आलोय. मग ते नुसता चहा ओढत बसले. निघताना एवढंच म्हणाले की या शनिवारी सगळ्या आईबापांनी लवकर यायचं, मालेनालाही आणायचं, आणि चुना लागला तर चालेल असे बूट घालायचे.

आता ऐका त्यांनी काय केलं. मैदानाच्या कडा आखायची ती चुन्याची गाडी असते ना, पुढे एक चाक आणि वर पत्र्याचा डबा, ती त्यांनी मुलांच्या हातात दिली. सांगितलं, आपापल्या घरच्यांनी सामन्याच्या वेळी कुठे उभं राहायचं, ती रेघ ज्यानं त्यानं मारा. कारण विचारणार नाही. आईबापांनी तोंड उघडायचं नाही, रेघेमागे जाऊन उभं राहायचं.

काय सांगू बाबा, लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. मला वाटलं, आता पोर्तेलांची रवानगी नदीपार होणार. पण त्यांच्या मुलानं रेघ मारली ती थेट राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी. त्याला वडील जवळ हवे होते, पण बसलेले. (त्यानं बापाला हातानं धरून खाली बसवलं. पोर्तेला बसले आणि नाक शिंकरत राहिले.) सांतिनोची आई दुकानामुळे कधीच येऊ शकत नाही, तरी त्यानं तिच्यासाठी मधल्या रेघेजवळ एक छोटीशी रेघ मारून ठेवली. मग मालेनाची पाळी आली. वाल्टेरसाठी तिनं गोलच्या खांबापाशीच रेघ मारली. (वाल्टेर आजपर्यंत कुठल्याच सामन्यात एक शब्द बोललेला नाही. असं वागायचं मला कोणी आधी का सांगितलं नाही?) मग ती गाडी घेऊन माझ्याकडे आली, माझ्याकडे न बघता पुढे गेली, आणि मी मागे मागे.

जाळीचं फाटक ओलांडलं. मी म्हटलं, ठीक आहे, फाटकाबाहेरून तरी दिसेल. कपडे बदलायच्या खोल्या ओलांडल्या. निलगिरीची झाडं ओलांडली. मागे मैदानावर सगळे वळून बघत होते, कोणी हसत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. गाडीचं चाक कुईकुई करत होतं. कँटीनच्या मागे, जिथे कोळशाची पोती आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात, तिथे ती थांबली. तिनं डबा हलवून पाहिला. चुना संपला होता. मला आजही सांगता येत नाही, तिला तिथेच थांबायचं होतं, की चुना असता तर ती तुमच्या ताक्वारेंबोपर्यंत आली असती.

मी त्या रेघेमागे उभी राहिले. समोर कँटीनची भिंत. पाऊस भुरभुरायला लागला. तेवढ्यात मागच्या दारातून नेल्बाबाई बाहेर आल्या. त्या इतकी वर्षं कँटीन चालवतात, सत्तरी कधीच ओलांडली असेल. त्यांनी रेघ पाहिली, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, “रडायचंय तर आत येऊन रड. पाऊस आलाय, लोक तोर्ता मागतील, आणि माझे हात दुखतात.” म्हणजे बाबा, त्या दिवसापासून मी तोर्ता तळते. पीठ, मीठ, चरबी, मध्ये बोटानं भोक. सुरुवातीला बाहेर आरडाओरडा झाला की मी इतक्या जोरात बोट खुपसायची की भोकाच्या कडेला नुसती बांगडी उरायची. नेल्बाबाई म्हणायच्या, अगं, पीठ आहे ते, सांतिनो नव्हे. एकदा मी त्यांना विचारलं, इथून काहीच दिसत नाही, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्यांचा मुलगाही याच क्लबात खेळला होता. त्या म्हणाल्या, “तो कसा खेळायचा ते मला ठाऊक नाही. पण घरी आल्यावर सगळं सांगायचा. अजून सांगतो.” आणि कढईकडे वळल्या. मी त्या दिवशी बराच वेळ त्यावर विचार करत होते. मालेना मला सामन्याबद्दल कधीच काही सांगत नसे. सांगणार काय? मी तिथेच असायची, तिच्याआधी सगळं बोलून मोकळी झालेली.

ती पुन्हा खेळायला लागली. पहिले काही शनिवार घरी येऊन काही बोलली नाही. मग एकदा रात्री जेवताना, पानात बघत, सहज म्हणाली की आज सांतिनोनं माझं ऐकलं. एवढंच. मी नुसती मान हलवली. वाल्टेरनं टेबलाखालून माझा पाय दाबला, कारण मी तोंड उघडत होते.

आणि आता काल. उपांत्य सामना. पावसात लोकांची ही रांग लागलेली, मी कढईपाशी, दोन्ही हात पिठात. अचानक भिंतीपलीकडून आवाज आला. “माझा!” बाबा, खिडकीच्या काचा हलल्या. रांगेतले सगळे माझ्याकडे वळले, आणि पुढचा माणूस म्हणाला, काय हो बाई, पुन्हा सुरू केलंत? मलाही वाटलं मीच ओरडले. मी पिठाचा हात तोंडावर नेला. तोंड बंद होतं.

ती तिची हाक होती. बॉल तिनंच धरला. आम्ही जिंकलो. रांगेतल्या माणसाला मी फुकट तोर्ता दिला, आणि नेल्बाबाईंनी, ज्या मीठसुद्धा मोजून देतात, त्याबद्दल काही म्हटलं नाही.

तेव्हा बाबा, मी आता सुधारले आहे. अंतिम सामन्याला मी तुम्हाला अगदी शांत, समजूतदार बाई दिसेन. तुम्ही यालच, मी वाट बघते आहे. आत्याला नमस्कार, घोडीला माझ्याकडून एक गाजर.

तुमची,
फाबियाना

ता. क. हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का लिहिते असं तुम्ही विचाराल. माझा आवाज पूर्ण बसला आहे. काल ती हाक ऐकल्यावर मी कँटीनच्या कोपऱ्यात गेले, पिठाच्या पोत्यात तोंड खुपसलं आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत पुकारत राहिले. बाहेर काही ऐकू गेलं नाही असं नेल्बाबाई म्हणतात. त्यांनी माझ्या पापण्यांवरचं पीठ पुसून दिलं. पोर्तेलांनी घशाच्या गोळ्या दिल्या आणि कारण विचारलं नाही. तेव्हा ‘सुधारले’ हा शब्द खोडा.

ता. क. २. रात्री पावसानं सगळ्या रेघा धुऊन नेल्या. आज सकाळी मालेनानं माझी रेघ परत मारली, तिथेच कँटीनमागे, चुना भरपूर असताना. पण या वेळी ती लांब मारली आहे, दोन माणसांची. मी बसलेल्या आवाजात कुजबुजून विचारलं, दुसरी जागा कोणाची, तर म्हणाली, आजोबांची, आणि घंटा घरी ठेवायला सांग. मी तुमची बाजू मांडली. ती म्हणाली, आजोबांची बाजू साऱ्या गावाला ऐकू येते.

ता. क. ३. बाबा, खरं मागणं हे आहे. घंटा आणू नका, पण तुम्ही नक्की या. आठवतं ना, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरातही लिलाव पुकारत बसायचात, तेव्हा आई काही न बोलता तुमच्या पाठीवर हात ठेवायची, आणि तुम्ही थांबायचात. शनिवारी त्या रेघेमागे मला तसा हात लागेल. तुम्हालाही लागेल. आपण दोघं एकमेकांच्या पाठीवर ठेवू. भिंतीपलीकडे काय चाललंय ते काही दिसणार नाही, ती घरी येऊन सांगेल तेवढंच.

एप्रन मोठ्या मापाचा आणा. इथला तुम्हाला बसणार नाही.